आधी कुंपण, मग शेळी

माझे थोरले साडू सृष्टीच्या आरंभी हजर असते, तर त्यांनी ब्रह्मदेवाला आधी कुंपण घालायला लावलं असतं आणि त्याची तपासणी होईपर्यंत पृथ्वीचं काम अडवून धरलं असतं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. चेष्टा करायलाही अंगात जोर लागतो, आणि माझा सगळा जोर त्यांच्या कुंपणाची दोरी धरण्यात खर्च झाला. दोन वर्षं, रविवारच्या रविवार, मी नाशकाहून सायखेड्याची एसटी पकडून जात असे आणि वीस गुंठ्यांच्या एका कोपऱ्यात दोरीचं टोक धरून उभा राहत असे. दुसऱ्या टोकाला साडूभाऊ. एक डोळा मिटून, मान तिरकी करून ते दोरीकडे बघत आणि म्हणत, "मास्तर, केसभर डावीकडे." मी केसभर डावीकडे सरके. "फार झालं." मी केसभर परत येई. "आता दोरी ढिली झाली." मी शाळेत भूगोल शिकवतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो, पण एका जागी उभं राहून माणसाला इतकं फिरवता येतं, हे मला त्या शेतात कळलं. घरी आलो की बायको विचारी, "कुठवर आलं दाजींचं कुंपण?" मी म्हणे, "केसभर पुढं सरकलं."

साडूभाऊंची सगळी नोकरी देवळाली कॅम्पात लष्करी भांडारातल्या कारकुनीत गेली. आसपास रोज तोफा धडधडायच्या, पण त्यांनी स्वतः जन्मात एकही तोफ उडवली नाही; दिवाळीत फुलबाजीसुद्धा ते हात लांब करून, तोंड फिरवून धरत. मात्र तीस वर्षं खिडकीतून नेम धरणारे जवान बघून त्यांना एक डोळा मिटायची सवय लागली होती. मंडईत वांगी घेतानाही ते एक डोळा मिटून बघत, आणि वांगीवाली बाई पदर सारखा करी. भांडारानं त्यांना दुसरी एक शिकवण दिली होती, ती म्हणजे जगातली प्रत्येक वस्तू उचलून न्यायला कोणीतरी बाहेर टपून बसलेलं आहे. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघत, चार पावलं जात, परत येऊन ओढून बघत, मग मला ओढून बघायला सांगत. एकदा सिन्नरला लग्नाला निघालो, तर नाशिकरोडला एसटी थांबताच ते उतरले. "कुलूप एकदा बघून येतो, तुम्ही पुढं व्हा," म्हणाले. लग्न लागलं, पंगती उठल्या, वरात गेली. साडूभाऊ दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला पोचले. कुलूप व्यवस्थित होतं. माझ्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून हे एवढं मोठं पितळी कुलूप दिलं. माझ्या खोलीत तेव्हा एक स्टोव्ह, एक वळकटी आणि जगाचा नकाशा यांपलीकडे काही नव्हतं. तसं मी म्हटलं, तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होईल." आणि त्यांची पत्रं! पोस्टकार्डावरसुद्धा मुद्दे. मुद्दा एक, आम्ही कुशल. मुद्दा दोन, आपणही असाल. मुद्दा तीन, रविवारी यावे, दोरी आहे.

आता या माणसाच्या आयुष्यात शेळी कशी आली, ते सांगायला हवं. ताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचं, आणि माझ्या बायकोचं माहेर सटाण्याकडचं. तिकडे लेकीच्या लग्नात बाप आंदण म्हणून जनावर देतो. ऐपत असली तर गाय, नसली तर शेळी. सासऱ्यांनी ताईला शेळी दिली. हळदकुंकू लावून, गळ्यात घुंगरू बांधून ती मांडवात आणून उभी केली, तेव्हा नवरदेव म्हणाले, "हिला ठेवायचं कुठं? आमच्या क्वार्टरला कुंपण नाही." सासुरवाडीत उच्चारलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. क्वार्टरमध्ये जनावर ठेवायला परवानगी नव्हती हेही खरंच होतं. मग असं ठरलं की शेळी माहेरी राहील, पण ताईची म्हणून. ओळख पटावी म्हणून तिच्या कानाला एक चीर दिली. ती म्हातारी झाली तशी तिच्या लेकीच्या कानाला चीर दिली, मग त्या लेकीच्या लेकीच्या. बोकड विकले जात आणि त्यातून दर दिवाळीला ताईला एक पातळ येई. आमच्या घरात त्याला बोकडाचं पातळ असंच म्हणत. सासरे वारले, तरी सासूबाईंनी ही व्यवस्था मोडू दिली नाही. सव्वीस वर्षं ताई कॅम्पातल्या दोन खोल्यांत राहिली आणि तिची शेळी सटाण्याला. उन्हाळ्यात माहेरी गेली की ती गोठ्यातच बसलेली असायची. परत आली की आठ दिवस फारशी बोलायची नाही. ताई मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे साडूभाऊंना हा फरक कळायला नववा दिवस उजाडे.

साडूभाऊ निवृत्त झाले त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. गळ्यातला हार काढून त्यांनी खुंटीला टांगला, तेव्हा ताईनं चहाचा कप पुढं केला आणि म्हणाली, "आता बाबांची शेळी आणा." सव्वीस वर्षांत तिनं नवऱ्याकडे काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. साडूभाऊंनी नाही म्हटलं नाही. उलट ते उठून उभे राहिले. आणीबाणी उठली त्याच उन्हाळ्यात त्यांनी सायखेड्याच्या पुढं, गंगेपासून, म्हणजे आमच्या गोदावरीपासून, थोडं आत, पाटाच्या कडेला वीस गुंठे जमीन घेतली, पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या, शेळीसाठी छान उंच जोत्याचा गोठा बांधला. मला वाटलं, आला आता मुद्दा शेळीचा. पण साडूभाऊ म्हणाले, "आधी कुंपण, मग शेळी." ऐकायला किती रास्त वाटतं!

त्या कुंपणाला बाभळीचे बहात्तर खांब होते. प्रत्येक खांबाचं बूड वाळवी लागू नये म्हणून आधी भाजलं, मग डांबरात बुडवलं. पहारीनं खड्डे खणायला गडी होता, पण खड्डा किती खोल गेला हे साडूभाऊ स्वतः आडवं पडून, हात आत घालून बघत. काटेरी तार त्यांनी कॅम्पातल्या जुन्या बाजारातून आणली होती आणि तिच्या पाच ओळी घालायच्या होत्या. खालच्या ओळी जवळजवळ, म्हणजे करडूसुद्धा निसटू नये. करडाची उंची मोजायला त्यांच्याकडे करडू नव्हतं. तेव्हा ते टेप घेऊन शेजारच्या वस्तीवर गयाबाईकडे गेले. या गयाबाईच्या बारा शेळ्या होत्या आणि कुंपण म्हणाल तर काटकीसुद्धा नव्हती. साडूभाऊ एकेका करडाची छाती मोजत होते आणि ती कपाळाला हात लावून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "साहेब, सदरा शिवता का त्याला?" साडूभाऊंनी तिला शांतपणे विचारलं की, तुमच्या शेळ्या कुंपणाशिवाय पळून कशा जात नाहीत? गयाबाई म्हणाली, "मी हाय ना." साडूभाऊंनी टेप गुंडाळला आणि ते घरी आले.

कुंपणाची एक बाजू उभी राहिली तसं साडूभाऊंनी जाहीर केलं की, शेळीसारखं मोठं जनावर आणण्याआधी लहान जनावरावर सराव झाला पाहिजे. म्हणून पाच गावठी कोंबड्या आणल्या. त्यांच्यासाठी जाळीचा वेगळा वाडा केला, त्याला दार केलं, दाराला कुलूप केलं. कोंबड्यांना नावं न देता नंबर दिले. पहिल्याच सकाळी पाचही नंबर गयाबाईच्या उकिरड्यावर चरत होते. कोंबडीला पंख असतात हे साडूभाऊंना ठाऊक होतं. पण तीस वर्षांत भांडारातून कोणती वस्तू उडून गेल्याची नोंद नव्हती. गयाबाईनं हसत हसत पाचही पकडून आणल्या आणि कात्रीनं प्रत्येकीचा एकाच बाजूचा पंख छाटला. "एकीकडं जड झालं की उडताना कलंडती, मंग नाय जात," ती म्हणाली. साडूभाऊंनी ते वहीत लिहून घेतलं. पुढं तीन नंबर खुडूक झाली आणि अंडी द्यायचं सोडून दिवसभर घरट्यात फुगून बसू लागली, तेव्हा त्यांनी मला पत्र पाठवलं: मुद्दा एक, तीन नंबर कामावर येत नाही. ताईनं गुपचूप गयाबाईकडची नऊ अंडी तिच्याखाली सरकवली. एकवीस दिवसांनी आठ पिल्लं बाहेर आली आणि साडूभाऊंचं नंबरांचं सगळं शास्त्रच कोलमडलं. त्या दिवशी ताईला मी इतकं हसताना पाहिलं की, मला वाटलं, झालं, आता शेळीही येईलच.

पण पावसाळा आला. तिथली जमीन काळीभोर. पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. आमचे केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे करून उभे केलेले बहात्तर खांब दसऱ्यापर्यंत लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या म्हाताऱ्यांसारखे वाकडे-तिकडे झाले. मी म्हटलं, "राहू द्या हो, शेळीला काय कळतंय?" साडूभाऊ म्हणाले, "मास्तर, कळायला लागलं म्हणजे?" सगळे खांब उपटले. पुन्हा खड्डे, पुन्हा दगडगोटे, पुन्हा दोरी. माझं पहिलं वर्ष असं वाया गेलं आणि दुसरं सुरू झालं. ताई मात्र रोज सकाळी तो रिकामा गोठा झाडायची. तिनं अंबाडीचं दावं वळून ठेवलं होतं. खुंटा ठोकला होता. त्यात कचरा तरी कुठून यायचा? पण ती झाडायची, आणि मला ते बघवत नसे.

दुसऱ्या वर्षी गणपतीत मेहुण्याचं, म्हणजे ताईच्या भावाचं, पत्र आलं. सरळ, सज्जन माणूस. त्यानं लिहिलं होतं की, पड होती ती सगळी जमीन आता कांद्याखाली घेतली, चरायला रान उरलं नाही, आईला डोळ्यांनी दिसत नाही. बाकीच्या शेळ्या विकल्या. ताईची तेवढी एक ठेवली आहे, नाव चंद्री, ती दिवाळीपर्यंत घेऊन जा. त्यानंतर मला ती बाजारात न्यावी लागेल. खाली सासूबाईंनी दोन ओळी सांगून लिहवल्या होत्या. "जवाईबाबा, बकरी आठे शे, मी आठे शे. आते दोन्हीस्ना भरवसा नही." दोघींचाही आता भरवसा नाही, असं ती म्हातारी जावयाला सांगत होती. ताईनं पत्र वाचलं, घडी घातली आणि नवऱ्यासमोर ठेवलं. साडूभाऊंनी ते दोनदा वाचलं आणि उत्तर लिहायला घेतलं. मुद्दा एक, पत्र पोचले. मुद्दा दोन, दक्षिण बाजू अपुरी आहे. मुद्दा तीन, मुदत संक्रांतीपर्यंत वाढवून मिळावी.

त्या रविवारी मी दोरी टाकली. खरंच टाकली. म्हटलं, "साडूभाऊ, हद्द झाली! ती बाई अठ्ठावीस वर्षं थांबली. तिच्या बापाची एक शेवटची खूण उरलीय, ती खाटकाच्या दारात जाईल आणि तुम्ही इथं डोळा मिटून बसाल. तुम्हाला शेळी नकोच आहे, असं तरी सांगून टाका." साडूभाऊंचा चेहरा एकदम उतरला. खाली वाकून त्यांनी दोरी उचलली, तिची माती झटकली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "जरा ताणून धरा." मी धरली. राग मला अजूनही आठवतो, आणि आपण ती धरली याचीही लाज वाटते.

दिवाळी आली. वसुबारसेला मी आणि बायको तिकडेच होतो. कुंपण तसं उभं झालं होतं, चारही बाजूंनी पाच-पाच तारा लखलखत होत्या; फक्त तपासणी राहिली होती. तपासणी म्हणजे साडूभाऊ प्रत्येक खांब हलवून बघणार, तारेचा प्रत्येक खिळा ठोकून बघणार, आणि मग सही करणार. कुठं, ते मला माहीत नाही. सकाळी अकराच्या सुमारास रस्त्यावर कांद्याचा ट्रक येऊन थांबला आणि हॉर्न वाजवू लागला. ट्रकमध्ये पोत्यांच्या मधोमध चंद्री उभी होती. काळी, कपाळावर पांढरा चांद, पोट गोल. सटाण्यापासून कांद्यावर बसून आली, पण एका कांद्याला तिनं तोंड लावलं नव्हतं. ताईनं नवऱ्याला न विचारता भावाला पत्र टाकलं होतं. ती नऊ अंडी सोडली, तर सगळ्या संसारात न विचारता केलेली तिची ही पहिलीच गोष्ट. साडूभाऊ फाटकात आडवे उभे राहिले. "अगं, तपासणी झाली नाही!" ताई त्यांच्या बाजूनं निघून गेली, ड्रायव्हरकडून दावं हातात घेतलं, परत आली आणि म्हणाली, "जरा सरका." आणि ते सरकले.

ताईनं चंद्रीचे पाय धुतले, कुंकू लावलं, बाजरीचा घास भरवला. वसुबारस गायवासराची असते, पण आमच्या ताईची शेळीचीच झाली. ओवाळताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चंद्री तिच्या पदराचा काठ चावत होती. मग ताईनं तिचं दावं सोडलं. म्हणाली, "फिरू दे आपल्या जागेत." साडूभाऊ हातोडी घेऊन मागंमागं. आम्ही जेवायला बसलो तेव्हा ती नैऋत्य कोपऱ्यात अंग घासत होती. जेवून हात धुवेपर्यंत ती नव्हती. कोपऱ्यातल्या दोन खांबांमधल्या खालच्या तीन तारा बाहेरच्या बाजूला सुटून लोंबत होत्या आणि खिळे गवतात पडले होते. पाच-पाच तारा, बहात्तर खांब, दोन वर्षं, माझे सगळे रविवार. आणि त्या शेळीला आम्ही वरणभात खाईपर्यंतचा वेळ पुरला.

बायका वस्तीकडे गेल्या, आम्ही दोघं पाटाकडे. दिवसभर हिंडलो. साडूभाऊंना शेळीला हाक कशी मारायची तेही येत नव्हतं. उसाच्या कडेला उभं राहून ते तोंडाशी हात धरून ओरडत, "चंद्रीऽ, अहो चंद्रीऽ!" मी म्हटलं, "अहो कशाला म्हणताय शेळीला?" तर म्हणाले, "सासुरवाडीची आहे ती." आणि हे बोलताना ते हसत नव्हते. पाटाच्या पाण्यात वाकून बघत होते. प्रत्येक विहिरीत वाकून बघत होते. कडुलिंबाखाली एक काळं गोणपाट पडलेलं दिसलं, तर पळत गेले आणि ते हातानं उलटून पाहिलं. उन्हं उतरली तसं त्यांच्या धोतराचा काष्टा सुटला आणि चप्पल एक कुठंतरी गेली. सकाळपर्यंत मला त्यांचा राग होता. आता मला त्यांच्याकडे बघवेना.

दिवे लागायच्या सुमाराला आम्ही रिकाम्या हातानं परतलो. ताई गोठ्याच्या जोत्यावर बसली होती, दावं मांडीवर. साडूभाऊ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता मुद्दा एक येणार. ते म्हणाले, "अगं, हरवली माझ्या हातून." मग म्हणाले, "मला हीच भीती होती गं. मांडवात आणून उभी केली ना तुझ्या बाबांनी, तेव्हापासून. दुसरं काही हरवलं तर नवीन आणता येतं. ही कुठून आणू? म्हणून म्हटलं, आधी पक्कं कुंपण करू." आणि तो साठीचा माणूस ओठ चावत तसाच उभा राहिला. मी दुसरीकडे बघू लागलो. ज्या भीतीला मी दोन वर्षं विक्षिप्तपणा समजून हसलो होतो, ती त्यांनी अठ्ठावीस वर्षं एकट्यानं सांभाळली होती. ताई उठली. तिनं आधी त्यांच्या पायाकडे पाहिलं, मग म्हणाली, "चप्पल कुठं टाकलीत? बसा. पाणी देते." आणि आत जाताना दारातून म्हणाली, "मला हे एकदा सांगायचं तरी."

पाण्याचा तांब्या आला तेवढ्यात फाटकाशी गयाबाईचा आवाज आला. "साहेब, माझ्या बारा व्हत्या, तेरा झाल्या. ही कुंकवाची कुणाची हाय?" चंद्री त्या घोळक्यात मधोमध उभी राहून कसलासा पाला खात होती, जणू जन्मापासून तिथंच वाढली. दिवसभर ती गंगेच्या काठी गयाबाईच्या शेळ्यांत चरत होती. ताई धावली. साडूभाऊंना उठवेना. ते बसल्या जागेवरून तिच्याकडे एकटक बघत राहिले, दोन्ही डोळे उघडे ठेवून. गयाबाईनं कोपऱ्यात जाऊन ते लोंबतं कुंपण पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "साहेब, तार कुणीकडून मारली तुमी? खांब आत, तार बाहीर! ही वई चोरासाठी हाय. बाहेरनं कुणी रेटलं तर खांबाला टेकंल. शेळी आतून रेटती, मंग खिळं निघनार नाय तर काय व्हईल?" मी साडूभाऊंकडे पाहिलं, साडूभाऊंनी माझ्याकडे. भांडाराच्या कुंपणावर तीस वर्षं नजर गेली, त्याला धोका फक्त बाहेरून होता. आतली वस्तू स्वतःच्या पायांनी निघून जाईल, हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. "आन दुसरं," गयाबाई म्हणाली, "एकली शेळी लोखंडाच्या पेटीत ठिवा, राहनार नाय. तिला सोबत लागती." आणि तिनं आपल्यातली एक तरणी पाठ, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, तिथंच सोडली. पहिलं करडू गयाबाईचं, दुसरं ताईचं, असा तोंडी वाटा ठरला. साडूभाऊंनी कागद मागितला नाही.

पुढं त्यांनी सगळ्या तारा काढून आतल्या बाजूनं मारल्या, हे सांगायला नकोच. वर्ष लागलं. पण त्या वर्षात कुंपणाचं काम दुपारी दोननंतर चाले, कारण सकाळी ते दोघं शेळ्या घेऊन चरायला जात. ताई पुढं, शेळ्या मध्ये, आणि मागं छत्री उघडून साडूभाऊ. चंद्री व्याली तेव्हा ते हातात घड्याळ घेऊन गोठ्यात बसले होते आणि दोन करडं झाल्यावर वेळ लिहायची विसरले. दुपारी ते बाजेवर आडवे झाले की करडं त्यांच्या पोटावर चढून उड्या मारत आणि ते हूं की चूं न करता पडून राहत. मी म्हटलं, "हाकला की." तर हळूच म्हणाले, "मास्तर, पडतील." पत्रंही बदलली. मुद्दा एक, चंद्रीला पाठ झाली. मुद्दा दोन, तुमच्या मेहुणीने खरवस ठेवला आहे, लवकर यावे. दोरीचा उल्लेख नसे. सासूबाई गेल्या तेव्हा ताईचं सांत्वन करायला मी गेलो, तर ती रानात होती आणि साडूभाऊ तिच्या शेजारी बांधावर बसले होते. ते दिवस चांगले होते. असे सात हिवाळे त्यांना मिळाले. आठव्या हिवाळ्यात, चरून आल्यावर, चहा व्हायच्या आत साडूभाऊ बाजेवर आडवे झाले ते उठले नाहीत.

आता त्याला तीन वर्षं होतील. त्यांची लग्न झालेली लेक ताईला नाशकात राहायला बोलावते, पण ताई जात नाही. मागच्या महिन्यात मी एकटाच जाऊन आलो. आजूबाजूला सगळीकडे द्राक्षांचे मांडव झालेत, ताईच्या गोठ्यात सहा शेळ्या आहेत. चहा घेताना काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "सासऱ्यांच्या शेळीचा वेल चांगलाच वाढला हो, ताई." ताई एका करडाच्या मानेतली गोचीड काढत होती. ती काढून तिनं लांब टाकली. मग करडाला खाली सोडलं आणि म्हणाली, "बाबांच्या होत्या, मास्तर. आता यांच्या आहेत." आणि उन्हं कलायच्या आत जाऊन यायला हवं म्हणून तिनं फाटक उघडलं, शेळ्या पुढं घातल्या, आणि मी कप तसाच ठेवून तिच्यामागून निघालो.